पुडीतलं ऊन

रक्त तपासायच्या कामात माझी तीस वर्षं गेली. माणसं आकड्याला किती भितात, हे त्या तीस वर्षांत मी रोज पाहिलं. रिपोर्टचं पाकीट हातात देताना धट्टेकट्टे गडी खुर्चीचा हात घट्ट धरायचे. मी मात्र सगळ्यात जास्त भ्याले ती अशा एका रिपोर्टला, ज्यात आकडाच नव्हता. मशीनने नुसतं 'पेक्षा जास्त'चं चिन्ह काढलं होतं आणि पुढे त्याची स्वतःची मोजायची शेवटची हद्द लिहिली होती. म्हणजे इथपर्यंत मला मोजता येतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. नमुना होता नऊ वर्षांच्या एका मुलीचा आणि तपासणी होती व्हिटॅमिन डीची.

मी पेणच्या एका लहान लॅबमध्ये तंत्रज्ञ होते; शेजारीच डॉक्टरांचा दवाखाना. तंत्रज्ञ हा शब्द सर्टिफिकेटवर. गावात माझं नाव 'सुईवाली मावशी'. मी बाजारात वांगी निवडायला वाकले की शेजारचं पोर आईच्या मागे लपायचं. माझ्याच आळीतली एक बाई तर पोराला भरवताना खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवायची, 'जेव लवकर, नायतं ती येल.' अशी आमची कीर्ती. सकाळी नमुने घ्यायचे, ते फिरवून वरचं पिवळं पाणी काढायचं, मशीनला लावायचं आणि दुपारी पॅथॉलॉजिस्ट साहेब आले की सहीला ठेवायचं. मंगळवार-शुक्रवार मी रोह्याला जायचे. तिथे एका दवाखान्याच्या बाजूला आमचं नमुने घ्यायचं केंद्र होतं.

व्हिटॅमिन डी म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अंगावर ऊन पडलं की ते कातडीत तयार होतं आणि रक्तात येतं. खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात घ्यायचं हे त्याचं काम. ते कमी पडलं की दूध प्या, नाचणी खा, हाडापर्यंत काही पोचत नाही. आम्ही त्याचा आकडा काढतो. वीसच्या खाली म्हणजे कमी, दहाच्या खाली म्हणजे फारच कमी. शंभरच्या वर गेला तर धोका, असंही रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असायचं. ती ओळ मी कधी कुणाला वाचून दाखवली नाही. आमच्याकडे तिथे कधी कुणी पोचलंच नव्हतं.

या तपासणीची नळी आमच्याकडे काळ्या कागदात गुंडाळून ठेवायची रीत होती, उजेड लागू नये म्हणून. ऊन मोजायचं आणि नळी अंधारात ठेवायची, याची मला नेहमी गंमत वाटायची.

कामाला लागले तेव्हा वर्षाकाठी एखादी व्हिटॅमिन डी यायची. शेवटच्या वर्षांत दप्तर पाठीवरून न काढलेली शाळेची मुलं रांगेत बसायला लागली. पाय दुखतात, दात उशिरा येतात, वर्गात उभं राहिलं की कंबर धरते. रोह्याच्या एका चाचांची नात कुवेतहून सुट्टीला आली होती. तिचा आकडा अकरा निघाला, तेव्हा चाचा रिपोर्ट घेऊन माझ्याशी भांडायलाच आले.

"बेटी, पोरगी वाळवंटात रवते. ऊन कमी कसं असेल? तुमचं मशीन बिघडलंय."

मी विचारलं, "चाचा, पोरगी बाहेर किती निघते?"

चाचांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "एसी घरातून एसी गाडीत, एसी गाडीतून एसी शाळेत." आणि स्वतःच रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मला पहिला धसका बसला तो रोह्याजवळच्या धाटावच्या एका मुलामुळे.

सातवीतला मुलगा. बाप धाटावला केमिकल कंपनीत, नाइट जास्त. बाप दिवसा झोपायचा म्हणून दोन खोल्यांच्या घरात दिवसभर पडदे ओढलेले. मुलाने शाळेतून यायचं आणि बापाची झोपमोड नको म्हणून आत बसून आवाज बंद करून मोबाइल बघायचा. हे सगळं आईने मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की पोराच्या पायात गोळे येतात आणि डॉक्टरांनी रक्त सांगितलंय. पोर रडायला लागलं होतं, धापा टाकत होतं. मी दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधायला लागले. शीर सापडेना. मिनिटभर गेलं असेल. आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याचं मनगट आपोआप आत वळलं, बोटं ताठ होऊन टोकाशी एकत्र आली, अंगठा तळव्यात गेला. पोर ओरडलं, "मावशी, हात सुटत नाय!"

सुई अजून माझ्या हातात होती, टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं. तरी पहिला विचार आला की माझ्याच हातून याची नस गेली. मी पट्टा ओढून काढला. आई म्हणाली, "बाहेरचं हाय गो हे, मी बोलत होते ना!" आणि दारात उभ्या असलेल्या दोन बाया मागे सरल्या. मी पळत जाऊन रोह्याच्या केंद्राशेजारचे डॉक्टर आणले. त्यांनी हात बघितला आणि एकच शब्द उच्चारला, "कॅल्शियम." शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, तेव्हा ती बोटं एक एक करून सुटली. त्या मुलाचा व्हिटॅमिन डीचा आकडा चार आला. चार आकडा मी त्याआधी कधी टाइप केला नव्हता.

तेव्हापासून मी कमी आकड्याला भ्यायला लागले. भ्यालेला माणूस बोलत सुटतो, तशी मी बोलत सुटले. रिपोर्ट न्यायला आलेल्या प्रत्येक आईला काउंटरवर धरून समजावायचे. डॉक्टर चांगले, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले. ते बिचारे 'डेफिशियन्सी आहे, सप्लिमेंट देतोय' असं म्हणून पुढच्याला हाक मारायचे. बाया तो कागद घेऊन माझ्याकडे यायच्या. 'मावशी, काय लिवलंय गो यात?' मग मी सांगायचे. मला दृष्टान्त छान सुचतात, असा माझा समज होता आणि गावाचाही. कॅल्शियम दाराशी उभं राहतं, डी आला की कडी काढतो. हाड म्हणजे भिंत, डी म्हणजे गवंडी. बाया हसायच्या, माना डोलवायच्या, घरी जाऊन सासूला तेच ऐकवायच्या. साहेब एकदा म्हणाले होते, "तुम्ही शिक्षिका व्हायला हवं होतं." ते मी घरी येऊन दोनदा सांगितलं.

वंदना मला अशीच भेटली. ती पेणजवळच्या जिते गावची. नवरा धरमतरला मालवाहू बार्जवर, आठ-आठ दिवस घरी नसायचा. ही गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. बाहेरच्यांना सांगायला हवं, आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंग कुणीही मारेल, डोळे प्रत्येकाला जमत नाहीत. वंदनाचा हात इतका स्थिर होता, की मी तिच्या मुलीचं रक्त घेतलं तेव्हा नळी तिनेच धरली होती. तिची मुलगी समीक्षा, चौथीत. सकाळी सातला स्कूलबस, दुपारी घर, संध्याकाळी क्लास. पोर रात्री पाय चोळून मागते म्हणून आणली होती. आकडा नऊ.

डॉक्टरांनी पुड्या लिहून दिल्या. आठवड्याला एक, दुधातून, आठ आठवडे. एकेक पुडी साठ हजार युनिटची असते, तिला आठवड्याचं अंतर लागतंच. वंदना कागद घेऊन माझ्याकडे आली. आषाढाचे दिवस होते, बाहेर चार दिवस झड लागलेली.

"मावशी, येवड्याशा पुडीत काय असतंय गो?"

आणि मी म्हणाले, "ऊन. ही पुडी म्हणजे कागदात बांधलेलं ऊन समज. तुमच्या जित्याला आता दोन महिने ऊन कुठे दिसणार? तेच हे. दुधात घालायचं की पोरीला ऊन मिळालं."

वंदनाचा चेहरा उजळला. "हां. आता समजलं," ती म्हणाली.

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ते वाक्य मी त्या पावसाळ्यात आणखी किती जणींना सांगितलं ते मोजलेलं नाही. पुढे कित्येक दिवस मी तेच आठवत बसणार होते.

साधारण सहा आठवडे गेले. गणपती तोंडावर आलेले. एका सकाळी वंदना समीक्षाला उचलून घेऊन आली. नऊ वर्षांची मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून होती. पाच-सहा दिवस उलट्या, पोट साफ नाही, सारखं पाणी मागते, सारखी लघवीला जाते. डॉक्टरांनी लिहिलं, साखर आणि किडनी, ताबडतोब. डॉक्टरांना आणि मलाही वाटलं, पोरीला साखरेचा आजार झाला. मी शीर शोधायला हात धरला तर समीक्षा रडलीसुद्धा नाही. सुईकडे बघत राहिली. मला बघून न रडणारं पोर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

साखर नॉर्मल आली. क्षणभर बरं वाटलं. किडनीचा आकडा वाढलेला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, कॅल्शियमही बघा. कॅल्शियम दहाच्या आसपास असतं. मशीनवर आलं पंधरा. आमच्यात काही आकड्यांना 'पॅनिक व्हॅल्यू' म्हणतात. ते आले की सहीची वाट बघायची नाही, पाकिटात घालायचं नाही, आधी फोन उचलायचा. इतक्या कॅल्शियमने हृदयाचा ठोका चुकू शकतो, किडनी बंद पडू शकते. मी पुन्हा लावलं. पुन्हा पंधरा. फोन करताना मला डॉक्टरांचा रोजचा नंबर आठवेना, भिंतीवर बघून लावावा लागला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्याच रक्तावर व्हिटॅमिन डी लावा."

मी म्हणाले, "डॉक्टर, तिचं तर कमी आहे."

ते म्हणाले, "लावा तुम्ही."

ती तपासणी व्हायला पाऊण तास लागला. मी खुर्चीवर बसले नाही. मग ते चिन्ह आलं. पेक्षा जास्त. मला वाटलं मशीन बिघडलं. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, लावून बघितला, तो बरोबर. दुसऱ्या पेशंटचा नमुना लावला, तो बरोबर. शेवटी नळीवरचं नाव वाचलं, हाताने लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. रिपोर्टच्या तळाची ती बारीक ओळ त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट वाचली.

रिपोर्ट घेऊन मी स्वतः शेजारच्या दवाखान्यात गेले. समीक्षाला सलाइन लावलेलं होतं. वंदना तिच्या पायाशी उभी. डॉक्टरांनी कागद बघितला आणि तिला विचारलं, "पुड्या किती दिल्यात?"

"दिल्या ना. रोज नाय, ऊन नाय पडलं त्याच दिवशी."

"म्हणजे?"

वंदना समजावून सांगायला लागली. डॉक्टरांना आपलं म्हणणं नीट कळावं म्हणून सावकाश बोलत होती. "पुडी म्हंजे ऊन ना, डॉक्टर. पयले दोन आठवडे तुमी सांगितलं तशी आठवड्याला एक दिली. तवा मधून मधून ऊन पडत व्हतं. मंग झड लागली. पोरीचे पाय काय थांबत नव्हते. आमच्या कारखान्यात ऊन नाय पडलं त्या दिवशी मूर्तीला हॅलोजन लावतात, नायतं मूर्ती सुकत नाय, रंग धरत नाय. पोरीला हॅलोजन लावून चालंल का? म्हून पुडी देत व्हते. ऊन पडलं त्या दिवशी नाय दिली. एक दिवस पन नाय दिली."

डॉक्टर डोक्याला हात लावून बसले. "इतक्या पुड्या मिळाल्या कुठून?"

"रिकामी पुडी दाखवली का मेडिकलवाला भरलेली देतो."

मग डॉक्टरांचा आवाज चढला. "आठवड्याला एक लिहिलं होतं मी! पुडी म्हणजे ऊन, हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

वंदनाने माझ्याकडे बघितलं. मी तीन हात लांब उभी होते, हातात रिपोर्ट. तिने बघितलं आणि नजर काढून घेतली.

"कोनी नाय," ती म्हणाली. "माजं मीच समजले."

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण भीती वाटली. लॅबचं नाव जाईल, साहेब काय म्हणतील, तीस वर्षांचं काम एका वाक्यात संपेल, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. पोर समोर सलाइनवर पडलेली आणि मी माझ्या नावाला भीत होते. मी रिपोर्ट टेबलावर ठेवून निघून आले. ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला मला पुढे पाच महिने लागले.

समीक्षाला त्याच दुपारी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांचा आमच्या डॉक्टरांना फोन आला, एकूण पुड्या किती गेल्या ते नक्की सांगा. वंदना म्हणाली होती की कारखान्यातल्या कॅलेंडरवर लिहिलंय. "मी बघून येते," मी म्हणाले. डॉक्टरांना वाटलं मावशी कामाला पुढे. मला तिथे बसवत नव्हतं एवढंच.

जित्याच्या त्या शेडमध्ये शंभरएक गणपती ओळीने मांडलेले. बरेचसे बिनडोळ्यांचे. आखणारी मुंबईला होती. मालक हैराण होता. खांबाला कॅलेंडर टांगलेलं. कुठल्या दिवशी ऊन पडलं, कुठल्या दिवशी हॅलोजन लावले, याच्या खुणा मालक पेनाने करायचा. त्याच खुणांच्या शेजारी बारीक ब्रशने काढलेले लाल ठिपके होते. एकसारखे, गोल, एकही पसरलेला नाही. डोळ्यांची बुबुळं काढणाऱ्या हाताने काढलेले. मी बोट ठेवत मोजत गेले. तेवीस. आठ आठवड्यांत आठ पुड्या द्यायच्या होत्या. पोरीच्या पोटात सहा आठवड्यांत तेवीस गेल्या होत्या.

शेजारी रंग कालवणारी एक म्हातारी म्हणाली, "वंदना लय सांभाळून देत व्हती गो. ऊन जरा जरी पडलं तरी बाहेर जाऊन बघून यायची, आज देऊ का नको."

मी ठिपके पुन्हा मोजले. तेवीसच आले. फोनवर आकडा सांगताना माझा आवाज नीट निघाला, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगणं कठीण आहे. सकाळी लॅब उघडताना वाटायचं, आज बातमी येईल. शेजारच्या दवाखान्यात फोन वाजला की माझा हात थांबायचा. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. ते वाक्य मी आणखी किती जणींना सांगितलं? मी जुन्या वह्या काढल्या. त्या पावसाळ्यात ज्यांचा ज्यांचा आकडा कमी आला होता, त्या प्रत्येक घरी फोन लावला. 'पुडी किती दिवसांनी देता?' बाया गोंधळायच्या, 'आठवड्यानी ना मावशी, काय झालं?' रोह्याच्या एका घरी फोन लागेना. मी शुक्रवारची वाट न बघता गेले. ती बाई परसात भांडी घासत होती. तिने पुडी फक्त एकदाच दिली होती, पोराला चव आवडली नाही म्हणून. इतका आनंद मला औषध न घेणाऱ्या पेशंटचा कधी झाला नव्हता. मी तिच्या पायरीवर बसले आणि पाणी मागितलं.

समीक्षा वाचली. सलाइन, औषधं, रोज रक्त. गणपती बसले तेव्हा ती हॉस्पिटलातच होती. कॅल्शियम हळूहळू उतरलं, किडनी सावरली. पण हे औषध अंगातल्या चरबीत साठून राहतं, महिनोन्‌महिने निघत नाही. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, दूध बंद, दही बंद, आणि ऊन बंद. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. ऑक्टोबरचं ते रखरखीत ऊन आणि जित्यात एक पोर पडदे ओढून घरात बसलेली. शाळेत जाताना डोक्यावरून ओढणी, लांब बाह्या, छत्री. पंधरा दिवसांनी वंदना तिला माझ्याकडे रक्ताला आणायची. बोलायची नेहमीसारखी. तक्रारीचा एक शब्द नाही. मला तर तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आकडा मात्र प्रत्येक वेळी थोडा थोडा खाली यायचा. दर वेळी कागद छापून येईपर्यंत मी देवाचं नाव घेत उभी राहायचे. एरवी मी काही फार देवभोळी नाही.

पौषात एका सकाळी आकडा नॉर्मलमध्ये आला. डॉक्टर म्हणाले, आता तिला बाहेर सोडा, दूध द्या, पोर मोकळी. रिपोर्ट मी कुणाच्या हाती दिला नाही. जित्याची गाडी पकडली.

कारखान्यात माघी गणपतीची घाई होती. वंदना एका मूर्तीसमोर बसून आखणी करत होती. आखणाऱ्याशी डोळा पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, असा तिथला नियम. मी उभी राहिले. एक डोळा झाला. तिने मान तिरकी करून बघितलं, दुसरा सुरू केला. इतक्या वेळात माझी बोलायची हिंमत जाईल की काय असं मला वाटत होतं. दुसराही झाला तेव्हा मी सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वंदना, रिपोर्ट नॉर्मल आहे. आणि चूक माझी होती. पुडी म्हणजे ऊन हे मीच सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गप्प बसले."

तिने ब्रश पाण्यात बुडवून धुतला. "मना माहीत हाय ना," ती म्हणाली.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमचं नाव घेतलं असतं तं तुमी परत आमाला काय सांगितलंच नसतं." ती हसली. "डॉक्टर बोलतात त्यातलं अर्ध मना नाय समजत गो मावशी. तुमचं सगलं समजतं."

एके काळी या वाक्याने मी आठवडाभर हवेत राहिले असते. त्या दिवशी मला त्याचीच भीती वाटली. डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. ते मला बोलले, आणि बोलायलाच हवं होतं.

वंदनाशी मी बोलत होते तेव्हा समीक्षा शेडच्या दाराशी उभी होती. पत्र्याची सावली जिथे संपते तिथे, पायाचे अंगठे बरोबर रेषेच्या आत. तिला कुणी तिथे थांब म्हणून सांगितलेलं नव्हतं.

मी वंदनाला म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय, रोज सकाळी पंधरा मिनिटं ऊन. पुडी नाही, गोळी नाही. आता तू मला म्हणून दाखव."

"रोज सकाली पंधरा मिन्टं. पुडी नाय, गोली नाय."

"पुन्हा."

तिने पुन्हा म्हटलं. मी तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. बाया हसायला लागल्या, वंदना हसली नाही.

समीक्षाने एक पाय रेषेच्या बाहेर टाकला, उन्हात, आणि झटकन आत घेतला. माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, जास्त झालं तं?"

मला उत्तर सुचलं होतं. छान उत्तर होतं, एका दृष्टान्तात तिला समजलं असतं. मी ते गिळलं. तिचा हात धरला आणि तिच्यासोबत अंगणात जाऊन उभी राहिले. पंधरा मिनिटं होईपर्यंत मी घड्याळावरून नजर काढली नाही.